काच उशिरा वाजली

वंदनाचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. लेखाची सुरुवात अशी करत नाहीत हे मलाही कळतं. पण नर्सेसच्या अंकाच्या संपादकांनी "नोकरीतला एखादा अभिमानाचा प्रसंग लिहा, सिस्टर" असं सांगितलं आणि मी वही उघडली, तेव्हा पहिलं वाक्य हेच उतरलं. आमच्या मेट्रनबाई वंदनाचं रिपोर्टबुक नव्या मुलींसमोर उघडून ठेवायच्या आणि म्हणायच्या, असं लिहीत जा. माझं रिपोर्टबुक त्यांनी कधी कोणापुढे उघडलं नाही. माझ्या लिहिण्यात चूक सापडायची नाही, पण ते वाचायला मीच लागायची.

नागपुरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी तीस वर्षांवर काढली. शेवटची काही वर्षं इन्फेक्शन कंट्रोलची सिस्टर होते. म्हणजे काय, ते सांगते. एका पेशंटचा जंतू दुसऱ्या पेशंटला, नर्सला, झाडूवाल्या मावशीला, नातेवाइकाला लागू नये, याची चौकीदारी करायची. कोण हात धुतं, कोण नुसते ओले करतं, कोणी कचऱ्याच्या लाल पिशवीतलं पिवळ्या पिशवीत टाकलं, सगळं बघत हिंडायचं. हे काम करणाऱ्या बाईवर कोणी प्रेम करत नाही. मी वॉर्डात शिरले की मोठे डॉक्टरसुद्धा खिशातले हात काढून सॅनिटायझरच्या बाटलीकडे वळत. मला त्याचा गर्व होता, आजही आहे.

वंदना माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. सावनेरकडच्या शेतकरी घरातली, नवरा हिंगण्याला कंपनीत, नागपूरला लागून असलेल्या वाडीला भाड्याच्या दोन खोल्या. स्कार्फ गुंडाळून स्कूटीवर यायची. तिला सलाइन लावायला मी शिकवलं, नाडी मोजायला मी शिकवलं, आणि सहा महिन्यांत पेशंट माझ्याऐवजी तिला हाक मारायला लागले. तिची एक खोड होती. पेशंटशी बोलताना ती त्याचा हात हातात घ्यायची. मी तिला किती वेळा टोकलं असेल, "विनाकारण हात धरू नको, हातानंच सगळं पसरते." ती म्हणायची, "हो ताई," आणि पुढच्या खाटेवर पुन्हा तेच. मला राग यायचा तो नियम मोडल्याचा, असं मी स्वतःला सांगायची. खरं म्हणजे माझा हात आजवर कोणा पेशंटनं आपण होऊन धरला नव्हता.

त्या वर्षी रक्तस्रावी तापाच्या पेशंटची काळजी कशी घ्यायची, याचं शिक्षण देणारे शिक्षक तयार करायचे होते. प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलातून एक नर्स जाणार होती. जी जाईल, तिनं परत येऊन सगळ्यांना शिकवायचं. आता हे काम माझंच नाही तर कोणाचं? मी तर नवी पर्स घेऊन ठेवली होती. बोर्डावर कागद लागला, त्यावर नाव वंदनाचं. मेट्रनबाई म्हणाल्या, "शीलाताई, तुम्हाला दोन वर्षं राहिली रिटायर व्हायला. आणि मुली तिचं ऐकतात." मी हसून म्हटलं, बरोबर आहे. घरी जाऊन भाजी अशी चिरली की नवरा स्वयंपाकघरात आलाच नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनीच देवराव आला. मे महिना होता.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं थांबते. ताप आणि रक्तस्राव म्हटलं की आपल्याकडे आधी डेंग्यू आठवतो. तो डासानं होतो, पेशंटला हात लावल्यानं होत नाही. पण काही ताप असे आहेत की पेशंटच्या रक्ताला, ओकारीला, घामाला हात लागला तरी दुसऱ्याला होऊ शकतात. काँगो ताप त्यातला. जनावरांच्या अंगावर जे गोचीड असतात, त्यांच्यातून तो माणसात येतो. आपल्या भागात तो सहसा दिसत नाही. पण दिसत नाही म्हणून विचारायचं सोडून द्यायचं नसतं. म्हणून ताप आणि रक्त घेऊन आलेल्या माणसाला हात लावायच्या आधी, दोन पावलं लांब उभं राहून आम्ही विचारतो. ताप कधीपासून, रक्त कुठून, आणि मागच्या पंधरा दिवसांत काय काय केलं. या तिसऱ्या प्रश्नात सगळं असतं. मशीन ते सांगत नाही, माणसालाच विचारून काढावं लागतं.

देवराव चाळिशीचा, सावनेर तालुक्यातला. पाच दिवसांचा ताप, डोळे लाल, हिरड्यांतून रक्त, अंगावर बारीक ठिपके. सोबत बायको. मी फॉर्म हातात धरून विचारलं, "घरी ढोरं आहेत का?"

"नाही जी."

"शेत?"

"नाही जी. विकलं मागंच."

"बाहेरगावी गेले होते का कुठं?"

"नाही जी."

मी तिन्ही ठिकाणी 'नाही' लिहिलं आणि डेंग्यूच्या वॉर्डाचा कागद काढला. माझ्या मागे वंदना उभी होती. ती म्हणाली, "दादा, काम काय करता तुम्ही?"

"बकऱ्याचा धंदा हाय. ह्या बाजारातून घेतो, त्या बाजारात विकतो."

"ते गुजरातकडून कळप घेऊन येतात, त्या काठेवाडी लोकांच्या डेऱ्यावरून पण घेता का?"

"घेतो ना. आता उन्हाळ्यात आले होते, तवा आठ-दहा पिल्लं घेतली."

"मंग बाजारात न्यायच्या आधी गोचीड कोण काढते त्यांचे?"

"मीच काढतो ना बाई. अंगावर गोचीड असले तं गिऱ्हाईक भाव पाडते." आणि त्यानं अंगठ्याचं नख दुसऱ्या नखावर दाबून दाखवलं. "असे चिरडतो. टचकन फुटते."

आमच्याकडे हे घरोघरी चालतं. गोचीड काढायचा आणि नखावर चिरडायचा, रक्त धोतराला पुसायचं. ढोरं नाहीत हे त्यानं खरंच सांगितलं होतं. बकरीला आमच्याकडे कोणी ढोर म्हणत नाही. ढोर म्हणजे गाय, बैल, म्हैस. मी जन्मानं इथलीच, हे मला ठाऊक असायला हवं होतं. पण मी छापील प्रश्न वाचला आणि वंदनानं माणसाला विचारलं. भर कॅज्युअल्टीत, सगळ्यांसमोर, मला तोंडात मारल्यासारखं झालं.

पुढचं काम मात्र माझं होतं आणि ते मी चोख केलं. देवरावला टोकाच्या वेगळ्या खोलीत घेतलं. त्याचं थर्मामीटर, बीपीचा पट्टा, ताट-वाटी, सगळं आत गेलं ते आतच राहणार. खोलीतला कूलर बंद करायला लावला, तेव्हा त्याची बायको रडायला लागली, कारण बाहेर नागपूरचं ऊन होतं. मी तिला समजावलं की कूलरचं वारं खोलीतलं सगळं बाहेर फेकते. तिचीही नावनोंदणी केली, तिचाही ताप रोज बघायचा होता. स्नायूत इंजेक्शन द्यायचं नाही, रक्त वारंवार काढायचं नाही. एकदाच नमुना घ्यायचा आणि तीन डब्यांत, एकात एक बंद करून, पुण्याच्या प्रयोगशाळेला पाठवायचा. दारात वही ठेवली. कोण आत गेलं, किती वाजता, कधी बाहेर आलं, याची नोंद. आत कमीत कमी माणसं. नर्स एकच, वंदना.

आणि बाहेर काचेपाशी मी. तिची बडी.

करोनानं किट सगळ्यांना माहीत करून दिलं. पण किट घालणं काही कठीण नसतं. कठीण असतं ते उतरवणं, आणि आत असताना कुठे काय सरकलं ते कळणं. ज्यानं घातलंय त्याला स्वतःची पाठ दिसत नाही, मनगट दिसत नाही, घामानं चष्म्यावर वाफ आलेली असते. म्हणून बाहेर दुसरं माणूस उभं करतात, त्याला आम्ही बडी म्हणतो. बडीनं दुसरं काही करायचं नाही. फक्त पाहायचं. काही चुकलं की काचेवर दोनदा वाजवायचं आणि तळहात उभा धरायचा. मग आतलीनं हातातलं काम तिथंच सोडून मागं यायचं, वाद नाही, विचारणं नाही. हा नियम मीच सगळ्यांकडून घोकून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदना आत गेली. मी तिचे हात वर करून पाहिले, बाह्यांवर हातमोजे नीट चढले होते, कुठे फट नव्हती. तिनं ताप घेतला, बीपी घेतलं, तोंड पुसून दिलं. देवराव तापात बरळत होता. एकाएकी तो उठून बसायला लागला आणि त्यानं तिचा हात घट्ट पकडला. दुसरी कोणी असती तर सोडवून मागे सरली असती. वंदना तशीच उभी राहिली. दुसऱ्या हातानं त्याला थोपटत राहिली. त्याच्या ओढाओढीत तिचा हातमोजा खाली सरकला, आतला आणि वरचा दोन्ही. बाही वर गेली. मनगटावरची दोन बोटं रुंद चामडी उघडी पडली. काचेतून मला ती स्वच्छ दिसली.

माझा हात वर गेला होता. बोटं काचेला लागायची बाकी होती.

आणि मी थांबले. काय आलं मनात ते जसंच्या तसं लिहिते, कारण याच्यासाठीच हा लेख आहे. मनात आलं, धर आणखी हात. हिचंच नाव आलं ना बोर्डावर. बाहेर आली की मेट्रनबाईंसमोर दाखवते मनगट आणि विचारते, ही शिकवणार का मुलींना? आता वाजवलं तर काय, हातमोजा सरकला म्हणून बाहेर आली, एवढंच होईल. कोणालाही होतं ते. मला ते एवढंसं नको होतं. मला ते मोठं पाहिजे होतं. समोर भिंतीवर घड्याळ होतं आणि मी घड्याळाकडे पाहत उभी राहिले.

मधे एकदा वंदनानं मान वळवून काचेकडे पाहिलं. तिच्या चष्म्याआडचे डोळे मला दिसले नाहीत. मी हलले नाही. ती पुन्हा देवरावकडे वळली.

मग त्याच्या नाकातून रक्त आलं. एकदम, भळकन. तो तिच्या हातावर वाकला होता. मी काच एवढ्या जोरात वाजवली की बाहेर बाकावर बसलेली त्याची बायको दचकून उठली.

वंदना मागं आली. मी नियमाप्रमाणे एकेक पायरी मोठ्यानं वाचली. वरचे हातमोजे, हात चोळ. अॅप्रन, हात चोळ. माझा आवाज अजिबात कापला नाही, तीस वर्षांची सवय. शेवटचा हातमोजा निघाला तेव्हा मनगटावर वाळत आलेला रक्ताचा ओघळ दिसला. आणि त्याच्या खाली, काचेतून न दिसणाऱ्या आतल्या बाजूला, तव्याचा चटका. दोन दिवसांपूर्वी पोळ्या करताना बसलेला, फोड फुटून ओला झालेला. धड चामडीतून जंतू आत शिरायला सहसा वाट नसते. फुटलेल्या फोडातून असते.

तिला नळाखाली साबणानं हात धुवायला लावलं, धूत राहायला लावलं. ती म्हणाली, "ताई, थंड लागून राहिलं होतं मनगटाले. मले वाटलं घाम हाय."

संपर्काचा फॉर्म मीच भरला. त्यात एक रकाना असतो, उघडं पडल्यापासून बाहेर काढेपर्यंत किती वेळ. मी लिहिलं, 'लक्षात येताच'. माझ्या वाईट अक्षरात.

वंदनाला हॉस्टेलच्या वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत ठेवलं. अशा माणसाचा चौदा दिवस ताप बघायचा, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आणि हे काम इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरचं, म्हणजे माझंच. ज्या बाईला मी हे करून ठेवलं होतं तिला दिवसातून दोनदा फोन करून मी विचारायची, "किती?" ती म्हणायची, "अठ्ठ्याण्णव, ताई. तुम्ही जेवल्या का?" मला वाटायचं, हिनं एकदा तरी खेकसावं माझ्यावर. तिची मुलगी आठ वर्षांची, सावनेरला आजीकडे पाठवली होती. ती रोज व्हिडिओवर विचारायची, आई, तू हॉस्पिटलात हायेस तं मंग पेशंट काहून हायेस?

नमुन्याचा निकाल यायला नको तेवढा उशीर झाला. पहिला डबा वाटेत गळला म्हणून परत नमुना घ्यावा लागला. या वेळी आत मी गेले. देवरावनं माझा हात धरला नाही. डोळे उघडून म्हणाला, "ते बाई कुठं हाय?" मी किटच्या आत, घामानं निथळत, त्या माणसावरही जळले. आजारी माणसावर. यावरून समजा.

सहाव्या दिवशी सकाळी वंदना म्हणाली, "ताई, शंभर." मग म्हणाली, "अंग पण दुखून राहिलं." मी फोन ठेवला आणि रिकाम्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊन पट्ट्यांच्या खोक्यावर बसले. देव मी मानत नाही, आमच्या घरात छप्पन सालापासून कोणी मानत नाही. मागायचं कोणाकडे हाही प्रश्न होता. मी नुसती बसून राहिले. तिच्या जागी माझं मनगट असतं तर, असं मनात आणायचा प्रयत्न केला. तेही पुरतं आलं नाही. भीती मात्र खरी होती. अशी भीती मला माझ्या बाळंतपणातही वाटली नव्हती.

तिचंही रक्त पाठवलं. आठव्या दिवशी देवरावचा निकाल आला. काँगो नाही. दुसऱ्या दिवशी तिचाही तसाच. तिचा ताप उन्हाचा आणि कोंडलेल्या खोलीचा होता, दोन दिवसांत उतरला. देवरावला निघाला स्क्रब टायफस. तो झुडपातल्या बारीक किड्यानं होतो, एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. त्याची औषधं डॉक्टरांनी निकाल यायच्या आधीच सुरू केली होती, म्हणून तो वाचला. आणि ती सुरू का केली? कारण त्या सकाळच्या रिपोर्टबुकात, नळाखाली हात धुऊन झाल्यावर, हॉस्टेलला जायच्या आधी, वंदनानं लिहून ठेवलं होतं, 'उजव्या काखेत काळी खपली, डाळीएवढी.' तो किडा चावतो तिथं अशी खपली धरते. हात वर करून त्यानं तिला पकडलं, तेव्हा तिला ती दिसली होती. मी काचेतून पूर्ण वेळ पाहत होते. मला तिचं मनगट सोडून काही दिसलं नव्हतं.

हॉस्टेलमधून ती निघाली त्या दिवशी मी गेले. ती पिशवी भरत होती. म्हणाली, "ताई, एक सांगू? आत असताना मले एकदा वाटलं होतं की काहीतरी सरकलं. म्हणून मी काचेकडं पाहिलं. तुम्ही वाजवलं नाही, तवा समजली, सगळं ठीक हाय. तुम्ही असल्या की मले भेव नाही वाटत."

मी तिची पिशवी उचलली आणि खाली रिक्षापर्यंत गेले.

ती प्रशिक्षणाला गेली आणि शिक्षक होऊन आली. माझ्या निरोप समारंभात तिनं भाषण केलं. मुलींना म्हणाली, बडी कशी असावी तर शीलाताईसारखी, त्यांनी काच वाजवली म्हणून मी आज उभी आहे. टाळ्या वाजल्या. मला शाल दिली. मी ती घेतली.

आता हा लेख. छापायला द्यायच्या आधी मी तो घेऊन वाडीला गेले. मुलगी शाळेत होती, कूलर चालू होता, वंदनानं मठ्ठा दिला. मी म्हटलं, आधी वाचून दाखवते, मग पिते. वाचता वाचता माझंच अक्षर मला लागेना, दोन ठिकाणी अडले. संपलं तेव्हा ती मनगट चोळत बसली होती. तिथं आता चटक्याचा बारीकसा डाग आहे.

मग तिनं विचारलं, "किती वेळ, ताई?"

रडली असती, घालवून दिलं असतं, तर मला सोपं गेलं असतं. तिनं फॉर्ममधला प्रश्न विचारला.

"तीन मिनिटं," मी म्हटलं. "घड्याळ समोरच होतं."

ती आत गेली आणि शिकवायची वही घेऊन आली. काचेचा प्रसंग त्यात होता, मुलींना सांगायला माझ्या फॉर्मवरून उतरवलेला. तिनं 'लक्षात येताच' यावर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'तीन मिनिटे'. मग पेन तसाच धरून माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मुली विचारतील, काहून नाही वाजवली. कारण काय लिहू?"

"लिही," मी म्हटलं, "जळत होती."

तिनं लिहिलं. मठ्ठा प्या म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही. मी वहीत वाकून पाहिलं. माझी गोष्ट तिच्या हातून किती स्वच्छ उतरली होती, एक वेलांटी वाकडी नव्हती. आणि काय सांगू, तेवढ्यातही मला तिचं अक्षर खुपलं.